दोन पटांवरचे आयुष्य : मीर सुलतान खान

बुद्धिबळ हा खेळ भारतात जन्मला, इराण व अरब देशांच्या वाटेने युरोपात पोहोचला आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस तेथे त्याने नवे रूप धारण केले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. तिरके एकेक घर चालणारा वजीर पटावरचा सर्वांत बलवान मोहरा झाला, उंट तिरक्या रेषेत दूरवर धावू लागला आणि खेळाला पूर्वी नव्हती अशी गती आली. पुढे युरोपीय व्यापारी आणि राज्यकर्ते यांच्याबरोबर हे नवे बुद्धिबळ आपल्या जन्मभूमीत परतले. येथील खेळाडूंनी त्यातील काही घेतले, काही घेतले नाही. वजिराची व उंटाची नवी चाल त्यांनी आपलीशी केली. परंतु प्याद्याची पहिली चाल, राजाचे संरक्षण आणि प्याद्याला मिळणारी बढती यांविषयीचे आपले जुने नियम त्यांनी सोडले नाहीत. परिणामी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत भारतात एकाच नावाचे दोन खेळ नांदत होते. एक वाड्यांच्या ओसरीवर आणि संस्थानिकांच्या दिवाणखान्यांत रंगणारा, तर दुसरा लंडन, पॅरिस, बर्लिन येथील स्पर्धांत खेळला जाणारा आणि त्या भाषांतील ग्रंथांत नोंदला जाणारा.

या दोन खेळांच्या सांध्यावर ज्यांचे सारे कर्तृत्व उभे राहिले, असे खेळाडू म्हणजे मीर सुलतान खान. युरोपातील त्यांची कारकीर्द पुरती पाच वर्षांचीही नव्हती. तेवढ्या अवधीत त्यांनी तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले, माजी जगज्जेते कॅपाब्लांका यांना हरवले आणि जगातील पहिल्या दहा खेळाडूंत आपले स्थान निश्चित केले. त्यानंतर ते ज्या अकस्मात रीतीने युरोपच्या पटावर आले होते, त्याच रीतीने तेथून निघून गेले.

पंजाबातील बालपण

सुलतान खान यांचा जन्म पंजाबातील मिठा टिवाणा या गावी झाला. हे गाव आज पाकिस्तानात आहे. जुन्या पुस्तकांत त्यांचे जन्मवर्ष १९०५ असे आढळते. अलीकडे १९०३ हे वर्ष अधिक ग्राह्य मानले जाते. वडील मियाँ निजामुद्दीन हे धार्मिक वृत्तीचे, पंचक्रोशीत मान असलेले गृहस्थ होते आणि बुद्धिबळाचे जाणकारही होते. नवव्या वर्षी सुलतान खान वडिलांकडून देशी पद्धतीचे बुद्धिबळ शिकले. त्यांच्या शिक्षणात पुस्तक नव्हते, लिहिलेला डाव नव्हता. होता तो केवळ पट, समोरचा खेळाडू आणि खेळून गेलेल्या डावांची आठवण. विशीच्या उंबरठ्यावर येईतो पंजाबात त्यांच्या तोडीचा खेळाडू उरला नव्हता.

त्या प्रांतातील एक मोठे जमीनदार, कालऱ्याचे सर उमर हयात खान टिवाणा, यांच्यापर्यंत ही कीर्ती पोहोचली. सर उमर हे लष्करी परंपरेतील, ब्रिटिश सत्तेशी निष्ठावंत असे बडे प्रस्थ होते आणि त्यांना बुद्धिबळाचा विलक्षण षोक होता. दरबारात गवई, पैलवान आणि शिकारी पदरी बाळगावेत, ही त्या काळच्या सरदारांची रीतच होती. सर उमर यांनी या तरुणाला आपल्या आश्रयाला घेतले आणि त्याला युरोपीय पद्धतीचे नियम शिकवण्याची व्यवस्था केली. १९२८ साली झालेल्या अखिल भारतीय स्पर्धेत सुलतान खान यांनी आठ डाव जिंकले, एक बरोबरीत सोडवला आणि एकही न गमावता विजेतेपद मिळवले. पुढील वर्षी सर उमर त्यांना आपल्यासोबत विलायतेला घेऊन गेले.

एका घराचा फरक

सुलतान खान यांच्यापुढील आव्हान किती बिकट होते, हे समजण्यासाठी दोन्ही पद्धतींतील अंतर ध्यानात घ्यावे लागते. देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर पुढे सरकते. युरोपीय पद्धतीत त्याला पहिल्या चालीत दोन घरे जाण्याची मुभा आहे. देशी पद्धतीत किल्लेकोट नाही. त्याऐवजी राजाला शह मिळण्यापूर्वी एकदा घोड्याप्रमाणे उडी घेण्याची सवलत असते. युरोपीय पद्धतीत शेवटच्या पट्टीला पोहोचलेल्या प्याद्याचा बहुधा वजीर केला जातो. देशी पद्धतीत ते ज्या मोहऱ्याच्या घरात पोहोचते, तोच मोहरा होते.

वरवर पाहता हे बदल किरकोळ वाटतात. प्रत्यक्षात त्यांमुळे सारा खेळच पालटतो. प्यादी एकेक घर सरकत असल्याने देशी डावात दोन्ही सैन्ये बराच काळ परस्परांपासून दूर राहतात. आपापली मांडणी सावकाश करता येते आणि खरी लढत डावाच्या मध्यात जुंपते. युरोपीय पद्धतीत मात्र दुसऱ्या-तिसऱ्या चालीतच प्यादी एकमेकांना भिडतात आणि दहाव्या चालीपर्यंत एखादी चूक झाली, तर ती डावाच्या अखेरपर्यंत भोवते. म्हणूनच तेथे डावाच्या आरंभाचे स्वतंत्र शास्त्र निर्माण झाले. कोणत्या चालीला कोणते उत्तर, कोणता सापळा कोठे लपलेला आहे, याची शतकभराची छाननी इंग्रजी, जर्मन आणि फ्रेंच ग्रंथांत व मासिकांत साठवलेली होती. प्रत्येक नामांकित युरोपीय खेळाडू हे भांडार पाठीशी घेऊन पटावर बसत असे.

सुलतान खान यांच्यासाठी ते भांडार बंद होते. इंग्रजी त्यांना बेताचीच येत असे, आणि जर्मन व फ्रेंच या भाषांशी त्यांचा परिचयच नव्हता. प्रतिस्पर्ध्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांचे जे ज्ञान आयते मिळवले होते, ते त्यांना पटावर बसल्यावर, चालत्या घड्याळाच्या साक्षीने, स्वतःच शोधून काढावे लागे. अनेकदा आरंभीच्या दहा-पंधरा चालींत त्यांची बाजू पडती होई, आणि डावाचा उरलेला भाग ती सावरण्यात जाई. मात्र डावाचा मध्य आणि अखेर यांत त्यांना तोड नव्हती. लहानपणापासून त्यांच्या अंगी मुरलेला सबुरीचा, मोहऱ्यांच्या जागा हळूहळू सुधारत नेण्याचा आणि प्रतिस्पर्ध्याला घाई करू देण्याचा जो संस्कार होता, तो तेथे कामी येई. ज्या देशी खेळाने त्यांना आरंभात दुबळे ठेवले, त्यानेच पुढच्या लढतीसाठी त्यांना बळ दिले होते.

लंडन, १९२९

१९२९ च्या वसंतात लंडनला पोहोचल्यावर त्यांच्या सरावासाठी एक छोटी स्पर्धा योजण्यात आली. तीत विल्यम विंटर आणि फ्रेडरिक येट्स हे दोन अनुभवी इंग्रज खेळाडू होते. सुलतान खान यांची कामगिरी निराशाजनक झाली. ते संयुक्तपणे शेवटच्या स्थानावर राहिले. पदरी असलेला मल्ल पहिल्याच कुस्तीत चीत व्हावा, तशी सर उमर यांची अवस्था झाली असणार.

विंटर आणि येट्स यांना मात्र त्या पराभवांतही काही वेगळे दिसले. आरंभी गोंधळलेला हा खेळाडू पुढे ज्या समजुतीने खेळतो, ती शिकवून येणारी नव्हे, हे त्यांनी ओळखले. दोघांनीही त्यांच्याबरोबर सराव केला आणि ब्रिटिश अजिंक्यपदासाठी त्यांची तयारी करून घेतली. त्या वर्षीची स्पर्धा रॅम्सगेट येथे भरली होती. सर्वांच्या अपेक्षेविरुद्ध सुलतान खान ती जिंकले. युरोपीय पद्धतीशी काही वर्षांचीच ओळख असलेला आणि इंग्लंडच्या भूमीवर पाऊल ठेवून काही महिनेच झालेला एक हिंदी तरुण साम्राज्याचा विजेता ठरला होता. येट्स हे स्वतः या किताबाचे अनेक वेळचे मानकरी होते. आपल्याच प्रतिस्पर्ध्याला घडवण्याचा त्यांचा हा उमदेपणा बुद्धिबळाच्या इतिहासात नोंदवून ठेवण्याजोगा आहे.

या विजयानंतर लवकरच सर उमर भारतात परतले. साहजिकच सुलतान खान यांनाही परतावे लागले. नुकताच मिळालेला आत्मविश्वास घेऊन युरोपातील इतर स्पर्धांत उतरण्याची ती वेळ होती. परंतु कोठे राहावे आणि कोठे खेळावे, याचा निर्णय त्यांच्या हाती नव्हता. मे १९३० मध्ये सर उमर पुन्हा विलायतेला गेले, तेव्हाच त्यांची खरी आंतरराष्ट्रीय कारकीर्द सुरू झाली.

हेस्टिंग्जचा तो डाव

त्यानंतरची साडेतीन वर्षे ही सुलतान खान यांच्या आयुष्यातील सुवर्णकाळाची वर्षे होत. १९३० साली बेल्जियममधील लिएज येथील स्पर्धेत त्यांनी टार्टाकोव्हर यांच्या पाठोपाठ दुसरा क्रमांक मिळवला. वर्षअखेरीस इंग्लंडच्या किनाऱ्यावरील हेस्टिंग्ज येथे नाताळाच्या सुटीतली परंपरागत स्पर्धा भरली. तीत हॉलंडचे माक्स ऑयवे होते आणि क्यूबाचे होसे राउल कॅपाब्लांका होते. १९२१ ते १९२७ या काळात कॅपाब्लांका जगज्जेते होते. त्याआधी १९१६ पासून १९२४ पर्यंत आठ वर्षे त्यांनी एकही डाव गमावला नव्हता. त्यांना हरवणे ही गोष्ट जगातील मोजक्या खेळाडूंनाच साधली होती.

सुलतान खान यांच्याकडे पांढरे मोहरे होते. पाचव्या चालीला त्यांनी वजिराच्या बाजूच्या हत्तीपुढील प्यादे केवळ एक घर पुढे सरकवले. त्या काळच्या दृष्टीने ही चाल संथ, जवळजवळ निरुद्योगी वाटावी अशी होती. तिच्यामागे कोणत्याही ग्रंथाचा आधार नव्हता. मात्र पुढे तीन दशकांनी जगज्जेते झालेले टिग्रान पेट्रोस्यान यांच्या नावाने ही मांडणी ओळखली जाऊ लागली, आणि १९८० नंतरच्या दशकात गॅरी कास्पारोव्ह यांनी तिला धारदार शस्त्राचे रूप दिले. काळ्याच्या उंटाला आणि घोड्याला एक महत्त्वाचे घर नाकारणे, हा त्या छोट्या चालीचा हेतू होता. देशी पटावर एकेक घराचा हिशेब ठेवीत वाढलेल्या खेळाडूला तिचे मोल पुस्तकावाचून कळले असल्यास नवल नाही.

डावाच्या मध्यात कॅपाब्लांका यांनी आपले दोन्ही हत्ती मोकळ्या पट्टीत आणून पांढऱ्याच्या गोटात घुसवले. सुलतान खान यांनी किल्लेकोट केलेलाच नव्हता. त्यांचा राजा पटाच्या मध्यभागी उभा होता. शह बसताच तो शांतपणे एक घर पुढे आला. लगेच त्यांनी आपला वजीर देऊन बदल्यात ते दोन्ही हत्ती घेतले. आता कॅपाब्लांका यांचा वजीर एकटाच पांढऱ्याच्या मुलखात फिरत होता आणि त्याच्यासमोर दोन हत्ती परस्परांच्या आधाराने उभे होते. अशा स्थितीत वजिराला शह देण्यासाठी मोकळा राजा किंवा एकाकी प्यादी हवी असतात. सुलतान खान यांनी यांपैकी काहीच उघडे ठेवले नाही. एकेक चालीने त्यांनी वजिराच्या वाटा बंद केल्या, आपले हत्ती कामाला लावले आणि पासष्टाव्या चालीपर्यंत चाललेल्या या झुंजीत माजी जगज्जेत्याला शरणागती पत्करावयास लावली. त्यात नेत्रदीपक बलिदान नाही, अवचित हल्ला नाही. एका थोर खेळाडूची त्याच्याच आवडत्या संथ पद्धतीने केलेली ती कोंडी आहे, आणि म्हणूनच जाणकार त्या डावाला विशेष मानतात. त्या स्पर्धेत ऑयवे पहिले, कॅपाब्लांका दुसरे आणि सुलतान खान तिसरे आले. या खेळाडूच्या ठायी असामान्य प्रतिभा आहे, असा निर्वाळा पुढे खुद्द कॅपाब्लांका यांनीच दिला.

कीर्तीचे शिखर

१९३१ साली टार्टाकोव्हर यांच्याबरोबर त्यांचा बारा डावांचा सामना झाला. टार्टाकोव्हर हे आरंभशास्त्राचे गाढे अभ्यासक आणि ग्रंथकार होते. एका बाजूला पुस्तके लिहिणारा पंडित, तर दुसऱ्या बाजूला ती पुस्तके ज्याला उघडलीच नव्हती असा खेळाडू, असे त्या लढतीचे स्वरूप होते. सुलतान खान यांनी चार डाव जिंकले, तीन गमावले, पाच बरोबरीत सोडवले आणि एका गुणाने सामना जिंकला. पुढील वर्षी झेकोस्लोव्हाकियाचे तरुण खेळाडू सालो फ्लोर यांच्याकडून मात्र सहा डावांच्या सामन्यात ते एका गुणाने हरले.

हॅम्बुर्ग येथे १९३० साली, प्राग येथे १९३१ साली आणि फोकस्टन येथे १९३३ साली भरलेल्या तीन ऑलिंपियाडमध्ये ते इंग्लंडच्या संघाकडून पहिल्या पटावर खेळले. पहिला पट म्हणजे प्रत्येक देशाच्या सर्वश्रेष्ठ खेळाडूशी गाठ. प्रागमध्ये त्यांनी आठ डाव जिंकले, सात बरोबरीत सोडवले आणि केवळ दोन गमावले. अकिबा रुबिन्स्टाइन आणि फ्लोर यांना त्यांनी तेथे हरवले, तर तत्कालीन जगज्जेते अलेखिन यांच्याशी बरोबरी साधली. १९३२ साली लंडनच्या स्पर्धेत ते अलेखिन आणि फ्लोर यांच्या मागे, अमेरिकेच्या कॅशडन यांच्यासह तिसऱ्या स्थानावर आले. त्याच वर्षी लंडन येथे आणि १९३३ साली हेस्टिंग्ज येथे त्यांनी ब्रिटिश अजिंक्यपद पुन्हा जिंकले. या स्पर्धेत ते एकूण चार वेळा उतरले आणि तीन वेळा विजयी झाले.

१९३३ च्या हेस्टिंग्जमध्ये आणखी एक विलक्षण घटना घडली. सर उमर यांच्याच परिवारातील मिस फातिमा यांनी ब्रिटिश महिला अजिंक्यपद दहा विजय, एक बरोबरी आणि शून्य पराभव अशा निर्विवाद वर्चस्वाने जिंकले. एकाच वर्षी, एकाच गावी, पंजाबातील एकाच घरच्या दोन व्यक्तींनी साम्राज्याचे दोन्ही मुकुट मिळवले होते. तो काळ मिठाच्या सत्याग्रहानंतरचा आणि गोलमेज परिषदांचा होता. हिंदी माणूस स्वराज्य चालवण्यास लायक आहे की नाही, याची चर्चा लंडनमध्ये तावातावाने चालली होती. ज्यांनी हे मुकुट मिळवले त्यांचा आश्रयदाता स्वतः ब्रिटिश सत्तेचा पाठीराखा होता. तरीही मिळालेल्या यशाचा अर्थ अनेक हिंदी मनांनी आपापल्या परीने लावला असणार.

आश्रय आणि आश्रित

या यशाची दुसरी बाजू तितकीच विचार करायला लावणारी आहे. लंडनची दमट थंड हवा सुलतान खान यांना कधीच मानवली नाही. हिवताप, सर्दी आणि घशाचे विकार यांनी ते वारंवार ग्रासलेले असत. कित्येकदा गळ्याभोवती पट्ट्या गुंडाळून ते पटावर येत. भाषेच्या अडचणीमुळे त्यांचे बोलणे मोजके असे. प्रतिस्पर्ध्यांना त्यांची ओळख पटावरच होई.

सर उमर यांच्या घरी त्यांचे नेमके स्थान काय होते, हा वादाचा विषय आहे. अमेरिकेचे ख्यातनाम खेळाडू रूबेन फाइन यांनी लिहून ठेवले आहे, की १९३३ साली ऑलिंपियाडच्या सुमारास सर उमर यांनी अमेरिकन संघाला मेजवानी दिली, तेव्हा वाढण्याचे काम सुलतान खान यांच्याकडे होते, आणि एका थोर खेळाडूकडून अशी सेवा घेताना पाहुण्यांना फार अवघडल्यासारखे झाले. या आठवणीच्या आधारे ‘नोकर असलेला अजिंक्यवीर’ अशी त्यांची प्रतिमा युरोपात रूढ झाली. ते पूर्णतः निरक्षर होते, असेही अनेकांनी लिहिले. २०२० साली त्यांच्यावर एक मोठा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्याच्या नावातही ‘नोकर’ हाच शब्द आला. सुलतान खान यांच्या वंशजांना हे चित्र मान्य नाही. त्यांच्या मते ते प्रतिष्ठित घराण्यातील, शिकलेसवरलेले गृहस्थ होते. सर उमर यांच्याशी असलेले त्यांचे नाते आश्रयदाता आणि गुणीजन यांचे होते, आणि पंजाबी घरातील आदरातिथ्याची रीत न कळल्याने परदेशीयांनी त्याचा भलताच अर्थ लावला. पाहुण्यांना स्वतःच्या हाताने वाढणे हा आपल्याकडे हलकेपणा मानला जात नाही, ही गोष्ट खरीच आहे.

या वादाचा पुरता निकाल लागणे कठीण आहे. कारण ज्यांच्याविषयी इतके लिहिले गेले, त्यांनी स्वतःविषयी फारसे काही लिहून ठेवले नाही. एक गोष्ट मात्र दोन्ही पक्षांच्या कथनातून सारखीच स्पष्ट होते. केव्हा यावे, केव्हा जावे आणि किती काळ खेळावे, हे सुलतान खान ठरवीत नव्हते. आश्रयदात्याशिवाय त्यांना युरोपचा पट दिसलाच नसता, आणि आश्रयदाता परतला त्या दिवशी तो पट त्यांच्यासाठी मिटला. डिसेंबर १९३३ मध्ये सर उमर यांचे विलायतेतील वास्तव्य आटोपले आणि सुलतान खान त्यांच्यासह स्वदेशी आले. त्या वेळी त्यांची तिशी जेमतेम उलटली होती. बुद्धिबळपटूच्या दृष्टीने हे ऐन उमेदीचे वय. त्यांना स्वतःला मात्र मायदेशी परतताना तुरुंगातून सुटल्यासारखे वाटले, असे सांगितले जाते. जगाला जी कारकीर्दीची अकाली समाप्ती वाटली, ती त्यांना सुटका वाटली असेल, तर त्या पाच वर्षांची किंमत त्यांनी कशी मोजली होती, याची थोडी कल्पना येते.

गावाकडचे दिवस

१९३५ साली त्यांचा एका मराठी खेळाडूशी सामना झाला. व्ही. के. खाडिलकर हे त्या काळातील आघाडीचे बुद्धिबळपटू होते. दहा डावांच्या त्या सामन्यात सुलतान खान यांनी केवळ एक डाव बरोबरीत सोडला आणि बाकीचे सारे जिंकले. युरोपातील सर्वश्रेष्ठांशी झुंजून आलेला खेळाडू आणि देशातील उत्तम खेळाडू यांच्यामध्ये त्या वेळी केवढे अंतर होते, हे या निकालावरून उमगते. ते अंतर कमी करण्यासाठी सुलतान खान यांच्या अनुभवाचा उपयोग करून घेण्याची कोणतीही यंत्रणा तेव्हा देशात नव्हती. या सामन्यानंतर मोठ्या बुद्धिबळाशी त्यांचा संबंध जवळजवळ संपला.

सर उमर यांचे १९४४ साली निधन झाले. गावाजवळ मिळालेल्या जमिनीवर सुलतान खान शेती पाहत राहिले. १९४७ च्या फाळणीत त्यांचा मुलूख पाकिस्तानात गेला. इकडे भारतात १९५५ साली एलुरू येथे आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा भरली आणि तीत रामचंद्र सप्रे व डी. वेंकय्या संयुक्त विजेते ठरले. देशी पद्धत हळूहळू मागे पडू लागली. ज्या वाटेवरून सुलतान खान एकटे चालत गेले होते, तिचा आता राजरस्ता होत होता. परंतु त्या रस्त्यावर मार्गदर्शक म्हणून ते नव्हते.

आपल्या मुलांना त्यांनी बुद्धिबळ शिकवले नाही. आयुष्यात याहून उपयोगी असे काहीतरी करावे, असा त्यांचा मुलांना उपदेश असे. जगातील पहिल्या दहांत गणल्या गेलेल्या माणसाने आपल्या विद्येविषयी असा निर्णय द्यावा, ही गोष्ट चटका लावणारी आहे. त्यात कडवटपणा होता की केवळ संसारी शहाणपण होते, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक. २५ एप्रिल १९६६ रोजी सरगोधा येथे त्यांचे देहावसान झाले.

उशिरा आलेला सन्मान

जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९५० साली अधिकृत ग्रँडमास्टर हा किताब सुरू केला. पहिल्या यादीत सत्तावीस खेळाडूंची नावे होती. रुबिन्स्टाइन यांनी १९३२ नंतर स्पर्धात्मक खेळ सोडलेला होता, तरी पूर्वीच्या कामगिरीसाठी त्यांना तो मान मिळाला. टार्टाकोव्हर आणि फ्लोर हेही त्या यादीत होते. या तिघांनाही सुलतान खान यांनी पटावर हरवले होते. सुलतान खान हयात होते, वयाने पन्नाशीच्या आतले होते, तरीही त्यांचे नाव कोणाला सुचले नाही. त्यांच्या बाजूने बोलेल अशी संघटना त्यांच्यामागे नव्हती आणि स्वतः मागणी करणे त्यांच्या स्वभावात नव्हते. फेब्रुवारी २०२४ मध्ये महासंघाने त्यांना मरणोत्तर सन्माननीय ग्रँडमास्टर हा किताब बहाल केला. त्यांच्या मृत्यूला तेव्हा अठ्ठावन्न वर्षे होत आली होती. दरम्यान भारताला विश्वनाथन आनंद यांच्या रूपाने १९८८ साली पहिला ग्रँडमास्टर मिळाला होता आणि त्यांच्यामागून पुढच्या पिढ्याही घडल्या होत्या.

एवढ्या विस्मृतीतूनही सुलतान खान यांचे नाव टिकले, याचे श्रेय एका अगदी साध्या गोष्टीला द्यावे लागते. युरोपातील स्पर्धांत प्रत्येक डाव चालीगणिक लिहून घेण्याची प्रथा होती. ते डाव मासिकांत छापले गेले, ग्रंथालयांत जपले गेले. १९६५ साली, त्यांच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी, आर. एन. कोल्स या इंग्रज लेखकाने त्यांच्या निवडक डावांचे पुस्तक सिद्ध केले आणि नव्या पिढीला या खेळाडूची ओळख करून दिली. पंजाबात त्यांनी तरुणपणी वडिलांशी आणि गावकऱ्यांशी खेळलेले देशी पद्धतीचे शेकडो डाव मात्र कोणी लिहून घेतले नाहीत. त्यांच्या प्रतिभेची घडण ज्या डावांत झाली, ते डाव कायमचे नाहीसे झाले. त्या प्रतिभेचा परक्या पटावरील पाच वर्षांचा आविष्कार तेवढा शिल्लक राहिला.

ज्यांना ग्रंथांची दारे बंद होती, त्यांचे कर्तृत्व अखेर ग्रंथांनीच राखले, यात दैवाचा एक खेळ दिसतो. विद्या पटावरही मिळते आणि पुस्तकातही मिळते; परंतु मिळालेली विद्या पुढच्या पिढीच्या हाती द्यावयाची, तर ती कोठेतरी नोंदवून ठेवावी लागते. सुलतान खान कोण होते, आश्रित की गुणीजन, याविषयी मतभेद राहतील. हेस्टिंग्जच्या त्या डावातील चाली मात्र आजही जशाच्या तशा वाचता येतात. कोणीही जिज्ञासू पट मांडून त्या एकेक करून खेळून पाहू शकतो. पाचव्या चालीला एकच घर पुढे सरकलेल्या त्या प्याद्यापाशी तो क्षणभर थांबला, तर मिठा टिवाण्याच्या त्या अबोल खेळाडूशी त्याची गाठ पडल्याशिवाय राहणार नाही.